कोल्हापुरात हायब्रिड गाडी घेतली तर सरकारकडून नेमकी काय सवलत मिळते?

तुम्ही विचारलंय की एमएच-09 पासिंगची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत थोडं अंतर एकटी गाडी ओढणारी बॅटरी-मोटर असलेली) घेतली तर सबसिडी, रोड टॅक्स आणि टोल यांत काय सुटतं, कारण शोरूमवाला 'सरकारी बेनिफिट' आहे म्हणतोय. जवळपास काहीच सुटत नाही. मी उद्यमनगरात छोटं मशीनशॉप चालवतो. जानेवारी 2024 मध्ये हायब्रिड घेतली तेव्हा हेच मलाही ऐकवलं होतं. त्या पोराला म्हटलं, बाळा, कोटेशनवर लिहून दे की. त्यानं एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग अशा ओळींवरून पेन खाली नेलं आणि तळाला लिहिलं काय, तर 'ॲक्सेसरीजवर डिस्काउंट'. म्हणजे पैसे सोडले ते डीलरनं, सरकारनं नव्हे.

सरकार एवढंच बघतं की गाडी निव्वळ बॅटरीवर चालते का. चालत असेल तर जीएसटी 5 टक्के. हायब्रिडला 22 सप्टेंबर 2025 पासून दोन दर आहेत. पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत, या दोन्ही अटी बसल्या तर 18 टक्के, नाहीतर 40. तुमच्या डोक्यात असलेल्या स्ट्राँग हायब्रिड बहुतेक 1500 सीसीच्या आणि चार मीटरच्या वरच्या, म्हणजे 40. माझ्या वेळी सेस म्हणजे वरचा उपकर धरून 43 होता. 18 लाख एक्स-शोरूम धरलं तर त्यात पाच लाखांच्या वर नुसता जीएसटी आहे. 43 चा 40 झाल्यामुळे तुमचे अडतीसेक हजार वाचतील, पण ते किमतीतच धरलेले असतात. त्यासाठी अर्ज-बिर्ज काही नाही.

रोड टॅक्सला हायब्रिड म्हणजे पेट्रोल गाडी. दहा ते वीस लाखांच्या गाडीला 12 टक्के, म्हणजे 18 लाखांवर 2 लाख 16 हजार. ईव्हीला, म्हणजे निव्वळ बॅटरीवरच्या गाडीला, राज्याच्या 2025 च्या धोरणात मोटार वाहन कर माफ आहे, त्यात हायब्रिड नाही. आणि गाडी कंपनीच्या नावावर घ्यायच्या आधी सीएला विचारा, तिथं दर 20 टक्क्यांवर जातो.

'उत्तर प्रदेशात रजिस्ट्रेशन फ्री' असे व्हिडिओ फिरतात. जुलै 2024 मध्ये त्यांनी स्ट्राँग हायब्रिडचा कर खरंच माफ केला, पण तिथल्या नोंदणीपुरता. ती गाडी इथं आणून कायमची वापरायची तर महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो. केंद्राच्या फेम या योजनेची सबसिडी माइल्ड हायब्रिडला (जिथं मोटर इंजिनला फक्त हातभार लावते) 2015 ते मार्च 2017 मिळत होती, मग बंद झाली. आताच्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या सबसिडी योजनेत खाजगी कारच नाहीत, अगदी इलेक्ट्रिकसुद्धा.

टोलचं तर बोलूच नका. गावातला टोल भांडून घालवलेली माणसं आपण, पण किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर इथं फास्टॅग पेट्रोल गाडीइतकाच कापतो. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जी माफी आहे ती हिरव्या नंबरपाटीच्या ईव्हीला. आपली पाटी पांढरीच.

मग मी गाडी का ठेवली? कसबा बावडा ते उद्यमनगर या गर्दीत निम्मा वेळ इंजिन बंदच असतं, चोवीस-पंचवीसचं ॲव्हरेज पडतं. पुण्याला हायवेवर शंभरनं मारली की तेच एकोणीस-वीसवर येतं, म्हणजे साध्या गाडीपेक्षा फार काही नाही. घाटाची वेगळीच गंमत. आंबा घाट उतरताना ब्रेक मारल्यावर तयार होणाऱ्या विजेनं बॅटरी चार-पाच वळणांतच फुल्ल होते, मग वीज ठेवायला जागा नाही म्हणून उतारावर असूनही इंजिन घुंऽऽ करायला लागतं. पहिल्यांदा बायको म्हणाली, अहो, काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नसतं.

तुमचं महिन्याचं रनिंग किती आणि त्यातलं गावातलं किती, हे प्रश्नात नाही. हजार किलोमीटरच्या खाली असेल तर मी तरी त्याच मॉडेलची साधी पेट्रोल घेईन. हायब्रिडच घेणार असाल तर बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे त्याच कोटेशनवर लिहून घ्या.