ॲपचे गुण आणि भाषेची परीक्षा

सोलापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना जर्मन शिकवताना मोबाइल ॲपचा कितपत उपयोग होतो हे तपासण्याची कल्पना चांगली आहे. मात्र ॲपनेच दिलेले गुण आणि ते सलग किती दिवस उघडले याची नोंद, एवढ्यावरून तू यश ठरवणार आहेस, हे मला पटत नाही. क्लासचालकानेच आपल्या क्लासचा निकाल लावण्यासारखे ते आहे.

यंत्राने भाषा शिकवण्याचा हा उत्साह नवा नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत भाषा-प्रयोगशाळांवर, म्हणजे ध्वनिफिती ऐकून भाषेचा सराव करण्याच्या यंत्रांच्या खोल्यांवर, बराच पैसा खर्च झाला आणि पेनसिल्व्हेनियातील शाळांत फ्रेंच व जर्मनच्या वर्गांची तुलना झाली, तेव्हा प्रयोगशाळेचा म्हणावा तसा लाभ दिसला नाही. यंत्र निरुपयोगी असते असा याचा अर्थ नव्हे, पण तुलनेला दुसरे वर्ग होते म्हणून एवढे तरी कळले. तुझ्याकडे दुसरी तुकडी नाही. ती ठेव आणि तिलाही सरावाला तितकाच वेळ दे. नाहीतर फरक ॲपमुळे पडला की जादा सरावामुळे, हे सांगता येणार नाही.

आता आपल्या गावाचा विचार कर. शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीतली मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळा मराठीतून शिकते आणि ॲप तिला जर्मन व्याकरण इंग्रजीतून समजावते. तिचे गुण कमी आले, तर कच्चे काय आहे, जर्मन की इंग्रजी? शिवाय शेजारी यंत्रमाग चालू असताना घरी केलेल्या उच्चार-सरावाला ॲप चुकीचा शेरा देत असेल, तर तो दोष तिच्या खाती मांडू नये. सरावाची भाषा, जागा आणि फोन स्वतःचा की घरात सामाईक, याची नोंद प्रत्येकीपुढे हवी.

उच्चाराची परीक्षा मात्र माणसानेच घ्यावी. 'शोन' म्हणजे आधीच आणि 'श्योन' म्हणजे सुंदर. दुसऱ्या शब्दातला, ओठ गोल करून 'ए' म्हटल्यासारखा स्वर मराठीत नाही. मुलींना न ओळखणाऱ्या जर्मन जाणकाराला ध्वनिमुद्रण ऐकवून जे ऐकू आले ते लिहायला सांग. रुग्णाला कुठे दुखते, कधीपासून दुखते, असे प्रश्न समोरासमोर विचारायला लाव आणि हीच चाचणी, ॲप बंद केल्यावर, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घे. नव्या साधनाचे कौतुक तोवर ओसरलेले असते.

खर्चाचा रकाना तू नीट भरला आहेस, त्यावर लिहीत नाही. सुधारित आराखडा पाठवताना चाचणीचे प्रश्न आणि तुकड्या कशा पाडल्या ते आधी पाठव. आलेख नंतर पाहू.

तुझे सर