हार्पची किल्ली लेकीच्या खिशात

(गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की मागच्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या लेकीला आणि ३४ तारांच्या हार्पला गाडीत घालून मी आयर्लंडमध्ये दोन खेपा केल्या. पहिली जुलैच्या सुरुवातीला, क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबेला. दुसरी महिनाअखेरीस मीथ, लाँगफर्ड, लीट्रिम करत रॉसकॉमनपर्यंत. पत्रं बरीच आली. थोडी हार्पविषयी, बरीचशी लेकीविषयी, आणि दोन माझ्या नवऱ्याविषयी. तो डब्लिनला घरीच होता, त्याला सुट्टी नव्हती, आमचं बरं चाललंय. बाकीच्यांची उत्तरं खाली देते.)

ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला घेऊन कोल्हापूरहून पुण्याला जायचं तरी मला घाम फुटतो. तुम्ही एवढं मोठं वाद्य आणि मूल एकटीने कसं सांभाळलंत?
– एक आई, कोल्हापूर

वाद्य सांभाळलं, मुलीने मला सांभाळलं. अतिशयोक्ती नाही. माझी हार्प लेकीपेक्षा उंच आहे आणि खोळीसकट पंधरा किलोच्या आसपास भरते. मागची अर्धी सीट पाडून ती आडवी ठेवायची, उरलेल्या अर्ध्यात लेक. तिच्या बूस्टर सीटला पट्टा आणि हार्पलाही पट्टा. वळण आलं की लेक हात लांब करून खोळीवर ठेवायची, मांजर धरावं तसा.

मुलांना काम द्या, एवढंच मला कळलंय. हार्पच्या खुंट्या फिरवायची एक किल्ली असते. ती हरवली की सगळं संपलं, आणि मी वस्तू हरवण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी किल्ली तिच्या खिशात गेली ती परत माझ्याकडे आली नाही. वाजवायच्या आधी मी हात पुढे करायचा, तिने किल्ली ठेवायची, काम झालं की परत मागून घ्यायची.

एक रात्र मात्र सांगते. लाँगफर्डमधल्या एका बीअँडबीत, म्हणजे खोली आणि न्याहारी देणाऱ्या घरात, उतरलो होतो. दिवसभर पावसात भिजलेलो, म्हणून घरमालकिणीने मायेने खोलीतला हीटर चालू करून ठेवला. माझ्या हार्पच्या मधल्या तारा आतड्याच्या आहेत, म्हणजे आपली ‘तात’. तिला हवेतला बदल सोसत नाही. रात्री दोन वाजता एक तात तुटली. बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज. लेक किंचाळत उठली, मी उठले, आणि दोन मिनिटांत घरमालकीण गाऊनमध्ये दारात, हातात छत्री उगारलेली. मग आम्ही तिघी जमिनीवर बसून नवी तात ओवत बसलो. गाठ कशी मारायची ते लेक त्या रात्री शिकली. त्या बाईंचा उल्लेख पुढे येणार आहे.

आम्ही मिरजेचे. तंबोऱ्याच्या कारागिरांच्या गल्लीत लहानाचे मोठे झालो. हार्प म्हणजे उभं केलेलं स्वरमंडळच ना? मग त्यात एवढं काय?
– एक निवृत्त संगीतशिक्षक

सर, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही काय करायचं! दिसायला म्हणाल तर हो. एका तारेला एक स्वर, बोट दाबून सूर बदलायची सोय नाही. पण स्वरमंडळ गाण्यामागे झिरमिरत राहतं. हार्पला दोन्ही हातांनी अख्खी चीज वाजवायची असते. उजवा हात चाल धरतो, डावा खालून आधार देतो. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. सतारीवरून हार्पकडे आलेल्या माझ्यासारखीला पहिली दोन वर्षं बोटं आखडल्यासारखी वाटायची, ती याचमुळे.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. जुनी आयरिश हार्प, म्हणजे क्लार्शख, ही आजच्यासारखी तातीची नव्हती. तिच्या तारा धातूच्या, आणि ती वाढवलेल्या नखांनी छेडायचे. तबलीची पेटी एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली. वाद्य डाव्या खांद्यावर टेकायचं. आम्ही आता उजव्यावर टेकतो. नाद इतका लांबत राहायचा, की नवा सूर छेडताना आधीचा बोटाने मिटवावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ईगन नावाच्या डब्लिनच्या कारागिराने तातीची, हलकी हार्प बनवली, आणि आमची आजची हार्प त्या वंशातली. प्रत्येक तारेच्या माथ्याशी एक खटका असतो, तो वर केला की सूर अर्ध्या पायरीने चढतो. कोमल-तीव्रचा आमचा सगळा कारभार त्या खटक्यांवर.

जुनी पाहायची तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयातली. विलोच्या लाकडाची, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. लोक तिला ब्रायन बोरू राजाची हार्प म्हणतात. राजा वारला १०१४ साली, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. (ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराचं मोठं काम काढलंय, जाण्याआधी चौकशी करा.) आयर्लंडच्या युरो नाण्यावर हीच हार्प आहे आणि गिनेस बिअरच्या ग्लासावरही हीच, फक्त तोंड उलट्या दिशेला. बिअरवाल्यांनी १८७६ मध्येच आपली खूण नोंदवून टाकली होती, मग १९२२ मध्ये नव्या राज्याने आपली हार्प फिरवून घेतली. लेकीने हे नाणं ग्लासाला लावून तपासलं.

ग्लासाला लावून म्हणजे पबमध्ये? लहान मुलीला घेऊन तुम्ही दारूच्या गुत्त्यात बसत होतात? संपादकांनी असं छापावं याचं आश्चर्य वाटतं.
– एक वाचक, पुणे

बसत होते. संत्र्याचा रस पीत.

रागावू नका, नीट सांगते. खेड्यातला पब म्हणजे आपल्याकडचा पार, चहाची टपरी आणि देवळाचा सभामंडप यांची सरमिसळ. तिथे आजोबा, नातवंडं, कुत्री सगळी असतात. कायदाही आहे: मूल आईबापांबरोबर बसू शकतं, पण रात्री नऊपर्यंत; मे ते सप्टेंबर दहापर्यंत. आणि गंमत अशी की वादकांची बैठक, म्हणजे ‘सेशन’, जमायलाच साडेनऊ होतात. फिडलवाला (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच) घसा ओला करतो, बासरीवाला येतो, दोन रील, म्हणजे नाचाच्या जलद चाली, रंगात येतात, तोच मालक लाजत लाजत आमच्या टेबलापाशी येऊन घड्याळाकडे पाहतो. जुलैत तिकडे दहाला लख्ख संधिप्रकाश असतो. उजेडात झोपायला जायचं हे लेकीला कधीच पटलं नाही.

त्यामुळे रात्रीच्या बैठका आमच्या हातून गेल्या. पहिल्या खेपेला मी त्यावर मनातून चरफडत होते, हे कबूल करते. पण खरं सांगायचं तर तिथे हार्पचं काही चालत नाही. दोन अकॉर्डियन आणि तीन फिडल सुरू झाली की हार्प वाजते हे फक्त वाजवणाऱ्यालाच कळतं. दुपारी, रिकाम्या पबमध्ये, एखाद्या म्हाताऱ्या फिडलवाल्याशेजारी बसलं की ती ऐकू येते. लेकीमुळे मला दुपार मिळाली. मिलटाउन मॅलबेला सकाळी विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेचे वर्ग असतात, १९७३ पासून चालत आलेले. शिकवण्याची रीत आपल्या तालमीसारखीच: गुरूने एक तुकडा वाजवायचा, सगळ्यांनी तो कानाने उचलायचा. कागद नाही. दुपारी तोच तुकडा घेऊन कुठल्यातरी खिडकीत बसायचं. लेक टिनव्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवते (इथल्या बऱ्याच शाळांतून शिकवतात), तिच्याकडे वळून कुणीतरी म्हणायचंच, ‘आता तू एक वाजव.’ चुकली तरी तिथे कुणी ‘वा वा’ करत नाही. चूक ऐकू न आल्यासारखं दाखवतात आणि पुढच्या फेरीत हळू वाजवतात.

तुम्ही ‘कॅरोलनच्या वाटेवर’ असं लिहिलंत, पण हा कॅरोलन कोण ते नीट सांगितलंच नाहीत.
– तीन-चार पत्रांत हाच प्रश्न

चूक माझी. टर्लो ओ’कॅरोलन, जन्म १६७०, मीथ परगण्यात नॉबरजवळ. अठराव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. रॉसकॉमनच्या मॅकडर्मट रो घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्पची तालीम देवविली आणि तीनेक वर्षांनी एक घोडा, थोडे पैसे आणि वाट दाखवायला एक सोबती देऊन बाहेर काढलं. पुढची चाळीसहून अधिक वर्षं तो या वाड्यावरून त्या वाड्यावर फिरत राहिला. हात उशिरा बसल्यामुळे वादक म्हणून तो फार थोर नव्हता, असं म्हणतात. पहिल्याच यजमानांनी, लीट्रिमच्या रेनल्ड्सनी, त्याला सुचवलं की बाबा, वाजवण्यापेक्षा काही रच. जवळच दोन टेकड्या आहेत, त्यांच्यावरच्या पऱ्यांच्या लढाईची कथा आहे, तीवर रच. त्याने रचलं. ती चाल, ‘शी व्येग, शी व्होर’, म्हणजे लहान परीटेकडी, मोठी परीटेकडी, आज हार्प शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं. त्याच्या दोनशेहून जास्त चाली उरल्यात, आणि त्यांतल्या कितीतरी यजमानांच्या नावाने आहेत. जेवू घातलं, रात्रभर ठेवलं, की सकाळी त्या घराच्या नावाची चाल. अशा चालीला ‘प्लँक्स्टी’ म्हणतात.

हे लेकीने गाडीत ऐकलं आणि लाँगफर्डची ती रात्र झाल्यावर सकाळी ब्रेड-लोण्याच्या टेबलाशी टिनव्हिसल काढून छत्रीवाल्या बाईंच्या नावाची प्लँक्स्टी वाजवली. आठ मात्रांची, शेवटी एक ‘ठो’ – तुटलेल्या तारेचा. बाई आधी हसल्या, मग डोळे पुसायला आत गेल्या. न्याहारीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी हा उद्योग. मला जरा संकोच वाटायचा, पोरगी पैसे वाचवायला हे करतेय असं कुणाला वाटलं तर?

कॅरोलन आजारी पडला तेव्हा परत मॅकडर्मट रो बाईंच्याच दारी गेला आणि २५ मार्च १७३८ रोजी तिथेच वारला. समाधी किल्रोननला, कीड्यू गावाजवळ, तळ्याकाठच्या जुन्या दफनभूमीत. कीड्यूला त्याच्या नावाचा हार्प उत्सव भरतो, आम्ही तो गाठूनच गेलो होतो. जवळ संत लसेरची विहीर आहे. तिथे चार दगडांवर एक शिळा आडवी ठेवलीय, तिच्याखालून सरपटत गेलं की पाठदुखी जाते म्हणे. पंधरा किलो उचलून माझी पाठ गेलेलीच होती. लेकीने मला पावसात, चिखलात, सगळ्यांदेखत सरपटायला लावलं. पाठीचं ठाऊक नाही, पॅन्ट गेली.

या चाली लिहून कुणी ठेवल्या? आपल्या भातखंड्यांसारखं कुणी होतं का?
– बंदिशी जमवणारा एक वाचक, नागपूर

होता, आणि वयाने पोरच. १७९२ च्या जुलैत बेलफास्टमध्ये उरल्यासुरल्या हार्पवादकांना बोलावलं. दहा आयरिश आले, एक वेल्श. बरेचसे अंध. त्यांतला डेनिस हेम्प्सन नव्वदी ओलांडलेला, लांब नखांनी धातूच्या तारा छेडणारा तो एकटाच उरला होता. ऐकून उतरवून घ्यायला नेमलेला एडवर्ड बंटिंग, वय १९, ऑर्गन वाजवणारा. तो आयुष्यभर त्यातच राहिला; १७९६, १८०९ आणि १८४० असे तीन संग्रह काढले. पण छापले ते पियानोसाठी बेतून. भातखंड्यांवर आपल्याकडे जो आक्षेप घेतात तो इथेही घेता येतो, सांगाडा उरला आणि लगाव गेला. तरी सांगाडा नसता तर मी आज काय वाजवलं असतं?

खर्च किती आला? शाकाहारी जेवण मिळतं का?
– अनेक जण

खर्च नवऱ्याला अजून सांगितलेला नाही, इथे कसा छापू? एवढं सांगते, की उत्सवाच्या आठवड्यात खेड्यातल्या खोल्या कितीतरी महिने आधी भरतात. जेवणाला बटाटा आहे, ब्राउन ब्रेड आहे, आणि माझ्या डिकीत सासूबाईंनी पाठवलेली थालिपिठाची भाजणी होती.

मी चौथीत आहे. मला तुमच्या मुलीला विचारायचंय, की दुसऱ्याच्या नावाचं गाणं कसं बनवतात?
– एक मुलगी, नाशिक

(हे उत्तर लेकीने सांगितलं, मी लिहून घेतलं.)

आधी त्यांचं नाव मोठ्याने चार-पाचदा म्हण. नाव वर जातं का खाली जातं ते ऐक. मग ते नाव वाजव. मग त्यांनी तुझ्यासाठी काय केलं ते आठव आणि त्याचा आवाज कर. चहा दिला असेल तर चमच्याचा. काहीच केलं नसेल तर गाणं बनवू नकोस. आईच्या नावाचं मी अजून बनवलेलं नाही, कारण तिने किल्ली परत मागितलीय.