डोहातला महसीर मूळचा की सोडलेला?

प्रश्न : आमच्या गावच्या डोहात महसीर आहेत. वीसेक वर्षांपूर्वी नदीत बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडल्या होत्या. एका माशाची डीएनए तपासणी करून घेतली, तर अहवालात 'टॉर खुद्री' असं महसीरच्या एका जातीचं नाव आलं. म्हणजे आमचे मासे मूळचेच ना?
– एक वाचक, भीमाखोरे

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. अशा अहवालात बहुधा सीओआय या, जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सुमारे ६५० डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचलेला असतो. त्यावरून जात कळते, घराणं कळत नाही. सायक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्ग अभ्यासकाने १८३९ साली 'खुद्री'चं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या बोटुकल्याही याच जातीच्या. त्यामुळे दोन्हींचा अहवाल सारखाच येतो. शिवाय हा जनुक फक्त आईकडून मिळतो. आई मूळची आणि बाप सोडलेला असला, तरी पिल्लू 'मूळचं'च दिसेल.

म्हणून मायक्रोसॅटेलाइट खुणा (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, ज्यांची लांबी घराण्यागणिक बदलते) तपासून घ्या. दहा-पंधरा तरी हव्यात. एका माशावर भागत नाही, २५ ते ३० लागतात. एकाच घोळक्यातली पिल्लं घेऊ नका. ती सख्खी भावंडं निघाली, तर सगळी नदी एका कुटुंबाची वाटेल. तुलनेसाठी बीजकेंद्रातले मासे हवेत आणि जिथे कधीच बीज सोडलं नाही, अशा शेजारच्या उपनदीतलेही. हे तुलनेचे नमुनेच बहुतेक जण विसरतात, आणि मग आकडे हाती येऊनही अर्थ लागत नाही. केंद्रातले जनक मासे तुमच्याच खोऱ्यातले असतील, तर फरक पुसट दिसेल; तेव्हा हजारो एसएनपी खुणा (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक) वाचाव्या लागतील.

नमुना घेताना मासा ओल्या जाळीतच धरा, मिनिटाच्या आत परत पाण्यात सोडा. शेपटीच्या टोकाचा ५ मिमीचा तुकडा पुरतो. तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट तरी. मांसातलं पाणी उतरून इथेनॉल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. फॉर्मलिन अजिबात नको, त्याने डीएनए तुटतो. प्रत्येक माशानंतर कात्री पुसून ज्योतीवर धरा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीतच टाका. शाई इथेनॉलमध्ये विरघळते. अभयारण्य असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या, देवस्थानाचा डोह असेल तर गावाचीही.

तोवर नवीन बीज सोडू नका. कावेरीत लोणावळ्याचा खुद्री सोडला गेला, तो तिथे फोफावला आणि तिथला कुबडा महसीर झपाट्याने घटला. हा कुबडा महसीर 'टॉर रेमादेवी' या जातीचा असल्याचं २०१८ मध्ये कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या माशांचा डीएनए आणि देहरचना तपासून ठरलं. म्हणजे त्याची नेमकी ओळख पटेपर्यंत तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता.