मेलबर्नला इम्युनॉलॉजी करायला येतेस, तर

तुझा मेल दोनदा वाचला. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालं, नेट निघून जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) हातात आहे, टीबीच्या रुग्णांच्या रक्तावर वर्षभर काम केलं आहे, आणि आता नागपुरातल्या नंदनवनात बसून मेलबर्न विद्यापीठाच्या मायक्रोबायोलॉजी-इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) विभागाच्या कामगिरीची पानं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचून राहिली आहेस. "ताई, इतके नोबेल, इतके नेचर नियतकालिकातले पेपर, माझ्यासारखीला कोण घेणार? आणि घेतलंच तर कोणती लॅब धरू?" असं विचारलंस. शेवटच्या ओळीत हळूच, "की जेआरएफ घेऊन नागपुरातच राहू?"

मी नागपूरच्याच त्रिमूर्तीनगरची. इथे येऊन दहा वर्षं होऊन गेली, त्यातली चार पीएचडीत गेली. तेव्हा जे सांगते ते एका विभागाचं, एका शहराचं आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अमेरिका-जर्मनीचं मला विचारू नको.

आधी ते नोबेल बाजूला काढू. विभाग ज्या इमारतीत आहे तिला पीटर डोहर्टींचं नाव आहे. माणूस मूळचा क्वीन्सलँडचा, शिकला जनावरांचा डॉक्टर व्हायला. मारेकरी टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) नुसता विषाणू ओळखत नाहीत, आपल्याच शरीराच्या एमएचसी रेणूसोबत (हा पेशीच्या आतले तुकडे बाहेर मांडून दाखवतो) दिसला तरच ओळखतात, हे त्यांनी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवलं. त्याबद्दल १९९६चं नोबेल. पण ते काम १९७३-७४ सालचं आणि झालं कॅनबेराला. मेलबर्नची ही इमारत उघडली २०१४ मध्ये. दुसरं नाव मॅकफार्लेन बर्नेट, १९६०चं नोबेल. ते शेजारच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटचे. ती संस्था रस्त्यापलीकडे असली तरी वेगळी आहे. छातीतल्या थायमस ग्रंथीचं काम काय हे शोधणारे जॅक मिलर याच संस्थेत पुढे आयुष्यभर राहिले, पण तो मूळ शोध १९६१चा, लंडनचा. (बर्नेटनी १९५७ मध्ये क्लोनल सिलेक्शनची, म्हणजे जंतूशी जुळणारी पेशीच निवडली जाऊन वाढते ही, कल्पना मुद्दाम एका आडबाजूच्या ऑस्ट्रेलियन नियतकालिकात छापली होती. चुकली तर कोणी पाहणार नाही, बरोबर निघाली तर मान आपला. हे मला भारी आवडते.)

मान खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातला कोणीही तुझा प्रयोग फसल्यावर तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसायला येणार नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून पाहा: कुठे झालं, कधी झालं, हातानं कोणी केलं. निम्मी यादी तिथेच गळून पडते. उरते ती खरी तुझ्या कामाची.

त्या उरलेल्यातली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण या विभागाचं पाणी तिच्यातच दिसते. माणसाच्या रक्तात मेट नावाच्या टी-पेशी असतात. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. इथे दूधवाल्यापासून डीनपर्यंत सगळे एकमेकांना 'मेट' म्हणतात, त्यामुळे लोक खूश आहेत. रक्तातल्या टी-पेशींपैकी शेकडा एक ते दहा या असतात, यकृतात तर त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या असूनही त्या नेमकं काय ओळखतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. एमआर-१ नावाचा रेणू त्यांना काहीतरी दाखवतो, एवढंच माहीत होतं. एमएचसी रेणू प्रथिनांचे तुकडे दाखवतात, दुसरे काही चरबीचे रेणू दाखवतात. मग एमआर-१च्या खोबणीत काय बसते?

जेम्स मॅक्लस्की यांची इथली लॅब एमआर-१ प्रथिन बाहेर बनवून त्याची घडी बसवायला पाहत होती, आणि ती नीट बसत नव्हती. ती बसली आरपीएमआय घातल्यावर. हो, तेच पेशी वाढवायचं साधं लालसर माध्यम, ज्याची बाटली तुझ्याही फ्रिजच्या दारात उभी असेल. शोधत गेले तर धागा निघाला फॉलिक ॲसिडपर्यंत. तेही अख्खं नाही. उजेडानं फॉलिक ॲसिड तुटते, त्यातला एक तुकडा, सिक्स-फॉर्मिलप्टेरिन, खोबणीत जाऊन बसला होता. पण तो नुसता बसायचा, मेट पेशींना जागं करायचा नाही. जागं करणारे रेणू सापडले साल्मोनेला वाढवलेल्या द्रवात. ते होते रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, बनवण्याच्या वाटेवरचे. आपण बी-२ खातो, बनवत नाही. कितीतरी जिवाणू आणि यीस्ट बनवतात. म्हणजे तो रेणू दिसला की घरात परका शिरला, हे पेशीला कळते. हे २०१२ मध्ये नेचरमध्ये आलं. पाण्यात टिकतच नाही असा खरा, नाजूक रेणू कोणता, ते २०१४ मध्ये.

आता तीच पेन्सिल घे. स्फटिकरचनेचं काम मोनाश विद्यापीठातल्या जेमी रॉसजोन यांच्याकडचं, रसायनाचं क्वीन्सलँडच्या डेव्हिड फेअरली यांच्याकडचं. विभागाच्या पानावर ते "आमचं यश" म्हणून येते आणि ते खरंही आहे, पण तीन विद्यापीठांच्या लॅब एकमेकांना नळ्या पाठवत राहिल्या तेव्हा ते झालं. त्यातून एक वस्तू निघाली, एमआर-१ टेट्रामर. मेट पेशींना चिकटून त्या मोजू देणारं साधन. आज जगातल्या लॅब ते मागवतात. माझ्या मते पेपरापेक्षा ते मोठं आहे. लॅब निवडताना हे पाहा की इथे काय बनते जे बाकीच्यांना मागावं लागते.

दुसरं काम थोडक्यात. टॉमस गेबहार्ट, फ्रँक कार्बोन वगैरेंनी २००९ मध्ये उंदराच्या कातडीत हर्पीसचा संसर्ग करून दाखवलं की काही स्मृती-पेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी) रक्तात फिरतच नाहीत, जिथे लढाई झाली तिथेच मुक्काम ठोकतात. आधी टी-पेशींची स्मृती म्हणजे फिरती गस्त वाटायची. ही निघाली गल्लीतली चौकी. लॉरा मॅके यांची लॅब आज त्याच धाग्यावर आहे. आणि जानेवारी २०२० मध्ये चीनबाहेर कोरोनाचा विषाणू पहिल्यांदा वाढवला गेला तो याच इमारतीत, आणि लगेच दुसऱ्यांना वाटलाही. ते काम मात्र इथल्या सरकारी विषाणू प्रयोगशाळेचं. एकाच छताखाली विद्यापीठ, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळा आणि सरकारी निदान केंद्र आहे. रुग्णाचा नमुना लिफ्टनं वर येऊ शकते, ही या जागेची खरी श्रीमंती.

तू मेलमध्ये टीबीचा उल्लेख असा केलास जसं काही कमीपणाचं आहे. "फक्त टीबीच्या सॅम्पल्सवर काम आहे ताई." बाप्पा! टीबीचा जंतू स्वतःचं रायबोफ्लेविन स्वतः बनवतो. मेट पेशी त्याला ओळखतात. इथे टेट्रामर आहे, पेशी एकेक करून मोजणारे फ्लो सायटोमीटर आहेत, बारा-पंधरा रंगांत पेशी वेगळ्या करणारे लोक आहेत. इथे नाही तो फक्त टीबी. ऑस्ट्रेलियात लाखामागे वर्षाला पाच-सहा नवे रुग्ण. आपल्याकडे २०२३ चा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज लाखामागे १९५, आणि जगातल्या एकूण रुग्णांपैकी चौथाईहून जास्त आपले. टीबी वॉर्डात उभं राहून रक्त घेतलेली, रुग्णाच्या बायकोला संमतिपत्र मराठीत समजावून सांगितलेली मुलगी इथे कोणालाही रोज भेटत नाही. ते अर्जात पहिल्या परिच्छेदात यायला पाहिजे. फक्त रक्ताच्या नळ्या बॅगेत घालून आणता येत नाहीत. परदेशी संस्थेसोबतच्या कामाला दिल्लीच्या समितीची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागते. ते आतापासून डोक्यात ठेव.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या फेरीत मी त्रेचाळीस प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. नाव बदलून चिकटवायची, आणि चिकटवलेलं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये दिसायचं. मला ते दिसलं तेव्हा एक्केचाळीस गेले होते. उत्तर आलं एक, ते गृहस्थ निवृत्त झाले होते. मग एक रात्र बसून एकाच प्राध्यापिकेला लिहिलं, आणि त्यात माझ्या फसलेल्या प्रयोगाबद्दल लिहिलं.

आमच्या नागपूरच्या लॅबचा एसी मे महिन्यात बंद पडला होता. बाहेर ४५, खोलीत ३८. फायकॉलवर (रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचा द्रव) रक्त सोडून फिरवलं की मधे पांढरं कडं दिसायला पाहिजे, दुधावरच्या साईसारखं. त्या पंधरवड्यात ते कडं नुसतं धुकं दिसायचं आणि पेशी निम्म्याच निघायच्या. सगळे म्हणाले रुग्णाचं रक्तच तसं. मी वहीत रोजचं खोलीचं तापमान आणि पेशींची संख्या शेजारी-शेजारी लिहीत गेली. फायकॉलची घनता तापमानानं बदलते, हे पुस्तकात होतं, पण त्या आकड्यांत ते मला दिसलं. मग बाटली आणि नळ्या माठातल्या पाण्यात, माठ कूलरसमोर, आणि सेंट्रिफ्यूज २० अंशांवर. कडं परत आलं. एवढंच लिहिलं मी, वहीच्या पानाच्या फोटोसकट. दोन दिवसांत उत्तर आलं. पुढे त्याच माझ्या गाइड झाल्या.

तर तुझा मेल लहान ठेव. त्यांचा एखादा पेपर खरंच वाच आणि त्यातलं एक चित्र कुठे अडलं ते विचार. इथे पीएचडीत आपल्यासारखा कोर्सवर्क-परीक्षांचा पसारा नसतो, पहिल्या दिवसापासून बेंच, त्यामुळे प्रवेशाआधी कोणीतरी "ही माझ्याकडे येऊ दे" म्हणणं हेच अर्धं काम. मास्टर्समध्ये संशोधनाचं वजन किती होतं हेही पाहतात. तुझ्या प्रबंधाचे गुण वेगळे दाखवणारा कागद काढून ठेव.

उंदरांचं आधीच ठरव. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगून राहिली आहे. इथली निम्मी इम्युनॉलॉजी उंदरांवर चालते. नीतिसमितीची परवानगी, प्रशिक्षण, सगळं कडक आहे, पण शेवटी प्लीहा काढून जाळीवर दाबायची ती तुझ्याच हातानं. आमचं घर माळकरी. पहिल्या दिवशी मी हातमोजे काढून जिन्यात जाऊन बसली होती. नंतर जमलं, पण माझ्या बॅचच्या एकीला जमलं नाही, आणि दीड वर्षानं लॅब बदलणं फार महाग पडते. शंका असेल तर मानवी रक्तावर काम करणारा गट धर. तू आधीच तिथली आहेस.

पैशाचं. जेआरएफचे ३७,००० आणि घरभाडं भत्ता, तेही घरी राहून, यात नागपुरात बचत होते. इथे सरकारी शिष्यवृत्तीत फी माफ आणि राहायला स्टायपेंड. त्यावर कर नाही, पण ब्रन्सविक-कोबर्ग या उपनगरांकडे शेअर घरातली एक खोलीच त्यातला मोठा लचका तोडते. शिष्यवृत्तीशिवाय आलीस तर फी पाहून तुझे बाबा घर विकायची गोष्ट काढतील. तशी येऊच नको. पीएचडीवाल्यांना काम करायच्या तासांची मर्यादा नाही, पण लॅबमधून वेळ उरला तर ना.

पीएचडीनंतरचं जास्त कडू आहे. इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन निधीच्या मोठ्या योजनेत अलीकडे दहापैकी एखादाच अर्ज पास होते. मोठमोठ्या नावांचे लोक दर तीन-चार वर्षांनी आपल्याच पगाराची चिंता करताना मी पाहिले आहेत. मी स्वतः आता विद्यापीठात नाही, एका कंपनीत अँटिबॉडीच्या चाचण्या बसवते, आणि मजेत आहे. तेव्हा गाइडशी बोलशील तेव्हा त्यांचा निधी कोणत्या वर्षापर्यंत आहे ते सरळ विचार. राग येत नाही. आणि त्यांच्याकडून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत, ते त्यांना नाही, त्या विद्यार्थ्यांना विचार.

जेआरएफचं उत्तर: सोडू नको. ती घेऊन टीबीवर सहा-आठ महिने अजून काम कर, तुझ्या सध्याच्या सरांना कल्पना देऊन. त्यांच्यापासून लपवून इकडे मेल टाकू नको, शिफारसपत्र त्यांचंच लागणार आहे. नाही जमलं इथलं, तर नागपुरात टीबीवर पीएचडी होणारच आहे, आणि संयुक्त प्रकल्पातून वर्षभर इथे येऊन टेट्रामर वापरता येते. मी तुझ्या जागी असती तर हा दुसरा रस्ता आधी विचारला असता.

पहिला मसुदा मला पाठव, पाठवायच्या आधी. फॉन्ट पाहून घेईन. आणि येशीलच, तर संत्रा बर्फी आणू नको. दुधाचं आहे म्हणून विमानतळावरच काढून घेतात, माझी दोन किलो गेली. तिखट आण, आईच्या हातचं, आणि फॉर्मवर लिहून आण.