वापरलेला फोन घेताना त्यात ई-सिम चालेल की नाही, हे कसं तपासायचं?

तुम्ही वापरलेला फोन घेताय. विकणारा म्हणतोय ई-सिम (म्हणजे कार्डाऐवजी फोनच्या आतल्या चिपवर चालणारं सिम) चालतं, नेटवरच्या यादीतही त्या मॉडेलचं नाव आहे, तरी खात्री कशी करायची असं तुम्ही विचारलंय. यादीवर विसंबू नका. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगळा बनतो आणि यादीत बहुतेकदा फक्त नाव असतं. खरं उत्तर फोनमध्येच सापडतं.

फोनच्या मूळ डायलरमध्ये *#०६# टाइप करा. शेवटचा # पडला की माहिती आपोआप उघडते, कॉलचं बटण दाबावं लागत नाही. आत सिम नसलं तरी चालतं. आता आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) आसपास 'ईआयडी' अशी ओळ आहे का बघा. ईआयडी हा फोनच्या आत बसवलेल्या ई-सिम चिपचा क्रमांक. तो ३२ अंकी असतो आणि ८९ ने सुरू होतो.

इथे दोन गोष्टींनी लोक हमखास फसतात. पहिली, दोन आयएमईआय दिसले म्हणजे ई-सिम आहे असं धरून चालणं. दोन साधी सिमकार्डं घेणाऱ्या फोनलाही दोन आयएमईआय असतात. दुसरी, आयसीसीआयडीला ईआयडी समजणं. तोही ८९ नेच सुरू होतो, पण तो सिमचा क्रमांक असतो आणि १९ किंवा २० अंकी असतो. म्हणून अंक मोजाच.

काही अँड्रॉइड फोन या कोडवर ईआयडी दाखवतच नाहीत. तेव्हा सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यातलं 'स्टेटस' पाहा. आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट, आणि तिथे खाली सरकत जा.

ईआयडी सापडला म्हणजे चिप आहे. ती वापरता येईल की नाही हा वेगळा प्रश्न, म्हणून पुढची पायरी चुकवू नका. आयफोनवर सेटिंग्जमधल्या 'सेल्युलर' किंवा 'मोबाइल सर्व्हिस'मध्ये, सॅमसंगवर 'कनेक्शन्स'मधल्या 'सिम मॅनेजर'मध्ये, पिक्सेलवर 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधल्या 'सिम्स'मध्ये जा आणि ई-सिम जोडण्याचा पर्याय शोधा. फोन वाय-फायला जोडून तो पर्याय दाबा आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा कॅमेरा उघडेपर्यंत पुढे जा. प्रत्यक्ष कोड हाताशी नसला तरी एवढं करता येतं, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची चाचणी हीच.

ईआयडी आहे पण पर्याय गायब किंवा फिकट दिसतोय, असं झालं तर आधी सिस्टिम अपडेट करून पाहा. तरी येत नसेल तर कारण बहुधा यांपैकी एक असतं: फोनवर दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर आहे, मूळ सिस्टिम काढून दुसरी रॉम, म्हणजे बाहेरची सिस्टिम, टाकलीय, किंवा फोन ऑफिसच्या कामाचा म्हणून एखाद्या कंपनीच्या नियंत्रणाखाली नोंदवलेला आहे. तिसरं कारण असेल तर तो फोन घेऊच नका. ते बंधन तुम्हाला स्वतःहून काढता येत नाही.

आता मॉडेलांबद्दल. आयफोनमध्ये ई-सिम २०१८ च्या एक्सएस, एक्सएस मॅक्स आणि एक्सआर पासून आलं. १३ पासून पुढे दोन ई-सिम एकाच वेळी चालू ठेवता येतात. त्याआधीच्यांत एक ई-सिम आणि एक कार्ड. पण चीनसाठी बनलेल्या बऱ्याच आयफोनांत ई-सिमऐवजी दोन कार्डांची सोय आहे. उदाहरणार्थ, आयफोन १४ चा ए२८८४ हा क्रमांक. अबाउटमध्ये 'मॉडेल नंबर'वर एकदा टॅप केलं की हा ए ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. सिमचा ट्रे बाहेर काढूनही कळतं: आयफोनच्या ट्रेमध्ये पुढे-मागे अशी दोन कार्डं बसत असतील तर तो ई-सिमचा फोन नाही. उलट अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला ट्रेच नाही, तो फक्त ई-सिमवर चालतो.

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत ही सोय २०२० च्या एस२० पासून आली, पण दक्षिण कोरियात विकलेल्या एस२० ते एस२२ मध्ये ती नव्हती. २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये चिप होती, मात्र ती सुरुवातीला गूगलच्या स्वतःच्या 'फाय' या मोबाइल सेवेपुरतीच होती. नावावर का जाऊ नये, ते यावरून लक्षात येईल.

यानंतर लॉक. एखाद्या नेटवर्क कंपनीला लॉक केलेला फोन ई-सिम घेईल, पण त्याच कंपनीचं. आयफोनच्या अबाउटमध्ये 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं हवं. अँड्रॉइडवर दुसऱ्या कंपनीचं साधं सिम घालून कॉल लावून पाहा. शिवाय तुमची कंपनी त्या मॉडेलला ई-सिम देते का, हेही विचारून घ्या. काही कंपन्या स्वतः तपासलेल्या फोनांनाच देतात.

दोन कार्डं आणि ई-सिम असा तिहेरी वापर डोक्यात असेल तर जरा थांबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत दुसरा स्लॉट आणि ई-सिम एकच जागा वाटून घेतात. ई-सिम चालू केलं की दुसरं कार्ड बंद पडतं. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

फोन लांबून मागवत असाल तर *#०६# च्या पडद्याचा फोटो मागा. आयएमईआय आणि ईआयडीचे मधले अंक झाकलेले असले तरी हरकत नाही. पहिले ८९ आणि एकूण लांबी कळली की पुरे. तुमच्या ई-सिमचा क्यूआर कोड मात्र चाचणीसाठी म्हणून कुणालाही पाठवू नका. तो सहसा एकदाच वापरता येतो, आणि दुसऱ्याने आधी स्कॅन केला तर तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये जाईल.

फोन ताब्यात घेताना आधीच्या मालकाचं ई-सिम पुसलंय ना, तेही बघा. फॅक्टरी रिसेट करताना ई-सिम ठेवायचं की पुसायचं असं बरेच फोन वेगळं विचारतात, आणि घाईत 'ठेवा' निवडलं गेलं तर त्याचा नंबर फोनमध्ये तसाच राहतो. ते पुसण्याचं काम त्यालाच करायला सांगा.