इंजिन बांधायचं की बदलायचं?

प्रश्न : सहा सिलिंडरचा दहाचाकी ट्रक, गाडीचे साडेसात लाख किलोमीटर झालेत. ऑइल खाते, निळा धूर टाकते. मेस्त्री म्हणतात, इंजिन खोलून नव्याने बांधूया. खोलू का? (कराड)

नुसत्या धुरावरून खोलू नका. इंजिन गरम असताना स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण तोंडावर नुसतं उलटं ठेवा. झाकण उडून पडलं तर आतला दाब जास्त आहे. तो दाबही पिस्टनच्या घासलेल्या रिंगांमुळेच असेल असं नाही. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर घासला तरी त्याची हवा ऑइल चेंबरमध्ये उतरते. माझ्याकडे एक गाडी इंजिन बांधायलाच आली होती. कॉम्प्रेसर वेगळा करून पाहिला, झाकण जागेवर बसलं. मालकाचे लाख-दीड लाख वाचले. टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारी पाइपही काढून बघा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर आधी टर्बोचा शाफ्ट हलवून पाहा. हे सगळं ठीक असेल, तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजा, आकडे वहीत लिहा आणि मगच पाना लावा.

प्रश्न : बेअरिंग चिकटून क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) चर पडलेत. ग्राइंडिंग करून चालेल? (नगर)

चालेल, पण माप बघून. क्रँक 0.25, 0.50 मिमी अशा टप्प्यांनी घासून उतरवतात आणि बारीक झालेल्या क्रँकला बसणारी तेवढीच अंडरसाइज बेअरिंग टाकतात. त्याआधी क्रँक वाकलाय का ते डायल गेजवर बघा आणि तडा शोधायला मॅग्नेटिक तपासणी करून घ्या. तडा असेल तर तो क्रँक भंगारातच. ब्लॉकचंही (इंजिनचं ओतीव धड) तसंच. कमिन्सच्या 5.9 लिटर बी सिरीजमध्ये मुळात लाइनर (सिलिंडरची बदलता येणारी आतली नळी) नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. तिथे 0.5 आणि 1 मिमी ओव्हरसाइज बोअर होतो, म्हणजे सिलिंडर तेवढा रुंद करता येतो; त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे लाइनरसारखी नळी, बसवावी लागते. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर मात्र वेल्डिंगच्या नादी लागू नका. क्रँक आणि ब्लॉक दोन्ही गेले की बांधण्यात अर्थ उरत नाही. जुनं इंजिन देऊन कंपनीने पुन्हा बांधलेलं वॉरंटीसह घ्या. टाटांच्या गाड्यांसाठी कंपनीच्या 'प्रोलाइफ' योजनेत ती सोय आहे.

प्रश्न : भंगार बाजारात चालू इंजिन स्वस्तात मिळतंय. घेऊ का? (धुळे)

बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं नसतील तर अजिबात नको. नवा इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नंबर जुळला नाही तर अपघाताच्या क्लेममध्ये तुम्हीच अडकाल. बीएस-6 गाडीत जुन्या प्रदूषण मानकाचं इंजिन बसवण्याचा विचारही करू नका.

प्रश्न : गाडी 14 वर्षांची. इंजिनवर खर्च करू का? (लातूर)

आधी चेसी (गाडीचा सांगाडा) धुऊन घ्या आणि क्रॉस मेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या) रिव्हेटांशी टॉर्च मारून बघा. तडे असतील तर इंजिनात पैसे घालू नका. फिटनेस दरवर्षी करावाच लागतोय, तिथे नुसतं इंजिन बघत नाहीत.