पाणी-प्रश्न : विहीर, टँकर आणि शेजारचा शोषखड्डा

घरामागच्या जुन्या विहिरीचं पाणी निवळशंख दिसतं, पण शेजारी इमारत झाल्यापासून सासूबाई म्हणतात वास येतो. उकळून प्यायलं तर चालेल? – एक गृहिणी, पर्वरी

सासूबाईंच्या नाकावर विश्वास ठेवा. इमारतीचा शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) किती जवळ आहे, विहिरीच्या वरच्या अंगाला आहे का, हे आधी बघा. आपल्याकडे गोव्यात जमिनीखाली जांभा. मातीतून पाणी गाळून उतरतं. जांभ्याच्या भेगांतून ते न गाळता धावतं. त्यामुळे नियमातलं अंतर राखलं तरी निर्धास्त राहू नका. उकळल्यानं जंतू मरतात, सांडपाण्यातून उतरणारं नायट्रेट जात नाही. नमुना प्रयोगशाळेत द्या : 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. अहवाल येईपर्यंत ते पाणी झाडांना घाला. अहवालात दोष निघाला, तर तोच जोडून पंचायतीकडे लेखी तक्रार करा. नुसत्या वासाच्या तक्रारीला कोण विचारतो?

सोसायटीत टँकर येतो. काय तपासावं? – सचिव, ताळगाव

पाणी कुठल्या विहिरीचं, ते विचारा. गोव्याच्या 2002च्या भूजल कायद्याखाली विहिरी आणि टँकर, दोन्हींची नोंदणी लागते. संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून घाला, तासभर थांबा. पाणी गढूळ असेल तर याचा उपयोग नाही. आणि नळाचं पाणी खंडित झालं होतं का? रिकाम्या पाइपात गळतीच्या जागांतून बाहेरची घाण ओढली जाते. पाणी परत आल्यावर पहिली धार संपात घेऊ नका.

गोव्यात एवढा पाऊस, मग छतावरचं पाणी साठवून मे महिना निभावेल का? – निवृत्त शिक्षक, फोंडा

हिशेब करा. पाऊस वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर, म्हणजे 100 चौरस मीटर छतावरून दोन लाख लिटरच्या वर. पण चौघांचं घर माणशी 135 लिटरनं दिवसाला 540 लिटर वापरतं. दहा हजार लिटरची टाकी अठरा दिवसांत संपते. टाकी हवीच, पण आणीबाणीसाठी. 2019च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली, तेव्हा ऐन पावसात पणजी-फोंड्याचे नळ कोरडे होते!

घरासमोरून मलनिस्सारण वाहिनी गेली आहे, जोडणी घ्यावी का? सेप्टिक टाकी ठीक चालते. – मडगाव

घ्या. तुमची टाकी ठीक चालते, हे तुम्हाला वाटतं; शेजारच्या विहिरीला विचारा. साळ नदीत काय उतरतं तेही बघतोच आहोत. जोडणी झाल्यावर जुनी टाकी उपसून मातीनं भरून टाका, नाहीतर जुलैपर्यंत तिथे डास.